एकतीस नंबरची सोय

१

बाईंचा दिवस दुसऱ्यांच्या बोलण्याने सुरू व्हायचा. साडेनऊला ऑफिसात यायचं, खिडकीजवळच्या टेबलावर पर्स टाकायची, यंत्रातला पाणचट चहा कागदी कपात घ्यायचा आणि आदल्या दिवशी लिफ्टमध्ये अडकलेली माणसं चॅटबॉटशी काय काय बोलली ते पहिल्या अक्षरापासून वाचायचं.

लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीसाठी त्यांच्या ऑफिसने हा चॅटबॉट तयार केला होता. लिफ्टच्या आत, बटणांच्या वर, वहीएवढा पडदा. लिफ्ट मध्येच बंद पडली की माणसाने पडद्याला हात लावायचा. मग चॅटबॉट त्याची विचारपूस करणार, धीर देणार आणि मेकॅनिकला निरोप धाडणार. चाळीस पडद्यांवर तीन महिने चाचणी होती. जमलं तर कंपनी आपल्या सगळ्या लिफ्टना पडदे लावणार होती, नाही तर बाईंच्या अख्ख्या विभागाला टाळं लागणार होतं.

पडद्यावर काय दिसावं, बटण केवढं असावं, घाबरलेल्या माणसाला कुठलं वाक्य आधी दाखवावं, हे ठरवायचं काम बाईंचं. त्याआधी बारा वर्षं त्या प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. नोकरी बदलली तरी ‘बाई’ हे नाव काही सुटलं नाही. शाळेतली एक खोडही सुटली नव्हती. हुशार मुलं कशीही शिकतात, शेवटच्या बाकावरच्या मुलाला कळलं तरच आपण शिकवलं, असं त्या मानायच्या. म्हणून बाकीचे जण आकडे बघायचे, आणि बाई न जमलेली बोलणी बघायच्या.

तशीच बघताना त्यांना एकतीस नंबर सापडला.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एकतीस नंबरच्या पडद्यावर बोलणं उघडलं होतं. चॅटबॉटने विचारलं होतं, ‘नमस्कार. काय मदत हवी?’ त्यावर काहीच उत्तर नव्हतं. अकरा सत्तावीसला बोलणं बंद. आदल्या दिवशी तेच. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. बाई मागे मागे जात राहिल्या. बारा दिवस, रविवार धरून, अकरा दहा ते अकरा सत्तावीस.

त्या सतरा मिनिटांत एकतीस नंबरची लिफ्ट बंद पडल्याची नोंद मात्र एकदाही नव्हती.

२

“कोणीतरी पुसताना फडकं लागत असेल, बाई,” चिमणी म्हणाली. चिमणी म्हणजे त्यांची प्रोग्रॅमर. चण लहान, बोलणं भरभर, आणि कुठलाही प्रश्न टेबलाशी आला की आधी उत्तर देऊन मग विचार करणारी.

“रविवारीसुद्धा? बरोबर अकरा दहाला?”

“हौशी असेल बिचारा.” पण तिने स्पर्शांची नोंद उघडली आणि जरा वेळाने तिचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. “फडकं नाही हो. हे बघा, हा ठिपका म्हणजे बोट. एकाच जागी टेकलंय. अकरा सेकंद.”

“मग पुढे काही का झालं नाही?”

“आपला पडदा टिचकी ओळखतो. इतका वेळ कोणी टेकून राहिलं तर त्याला वाटतं, चुकून हात लागला. सोडून देतो.” तिने नोंद खाली सरकवली. “आणि हे बघा, पुन्हा. बारा सेकंद. मग नऊ. सतरा मिनिटं हेच चाललंय. प्रत्येक वेळी एखाद्या अक्षरावर.”

“म्हणजे कोणीतरी लिहायला बघतंय.”

“आणि आपण लिहू देत नाही आहोत,” चिमणी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिने उगाचच खुर्ची मागे सरकवली.

बाई संध्याकाळी घरी आल्या तेव्हा बाबा खिडकीपाशी बसले होते. बाबा म्हणजे त्यांचे वडील. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. एक अनुस्वार राहिला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि वाचा गेली, उजवा हात गेला. आता होकाराला पापणी आणि नकाराला मान, एवढंच उरलं होतं.

त्यांच्या मांडीवर बाईंचा जुना फोन होता. डाव्या हाताचं एक बोट हवेतून सावकाश खाली येत होतं. ते पडद्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. फोनने भलतंच काहीतरी उघडलं. बाबांनी बोट उचललं, पुन्हा तितक्याच सावकाश आणलं, पुन्हा भलतंच. मग त्यांनी फोन उपडा ठेवून दिला आणि बाहेर बघायला लागले.

बाई दारातच थांबल्या. दोन वर्षं एका घरात राहून आपल्याला हे दिसलं नाही, याची आधी लाज वाटली. आणि मग लक्षात आलं, असंच बोट त्यांनी आज दुपारी नोंदीतल्या ठिपक्यांत पाहिलं होतं.

३

चार दिवसांत त्यांनी नवी सोय तयार केली. ऑफिसात तिला ‘सावकाश स्पर्श’ म्हणायला लागले. बोट कितीही वेळ टेकलं तरी पडदा वाट बघणार. पेला भरावा तसं बटण रंगाने हळूहळू भरत जाणार, आणि चुकलं तर बोट बाजूला सरकवून परत घेता येणार. अक्षरं मोठी, आणि नेहमी लागणारे शब्द आयते.

पहिला प्रयोग बाबांवर झाला. रविवारी सकाळी बाईंनी पडदा त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, “बाबा, काहीही लिहा. मला घाई नाही.”

पंचवीस मिनिटं लागली. पडद्यावर आलं, ‘चहात साखर घाल.’

दोन वर्षांनी वडील बोलले ते हे. बाईंनी विचारलं, “अहो, पण डॉक्टरांनी साखर बंद केली ना तुमची?”

बोट पुन्हा निघालं. ‘मीठ. साखर नाही. डॉक्टर मीठ म्हणाले.’

बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांचं त्यांना कळलं नाही. दोन वर्षं त्या माणसाने अगोड चहा मुकाट्याने प्यायला होता. बाबांचे खांदे हलत होते. ते हसतच होते. मग त्यांनी आणखी एक शब्द भरला. ‘अनुस्वार?’ बाईंनी वाकून पाहिलं. पडद्यावरच्या एका बटणावर खरंच अनुस्वार राहिला होता.

सोमवारी बाई ऑफिसात आल्या त्या पाय जमिनीला न लागता. दुपारी चिमणीने ही सोय चाळीसही पडद्यांवर धाडली. बुधवारी सकाळी त्यांनी एकतीस नंबरची नोंद उघडली.

‘किती वाजले,’ असं तिथे लिहिलेलं होतं.

चॅटबॉटने नेमकी वेळ सांगितली होती आणि विचारलं होतं, ‘तुम्ही कुठल्या मजल्यावर आहात?’ त्याला उत्तर नव्हतं. पण लिहिलं होतं. बाईंनी टेबलावर थाप मारली आणि चिमणीला हाक मारली, आणि दोघी लहान मुलींसारख्या त्या दोन शब्दांकडे बघत बसल्या.

शुक्रवारी त्यांनी उघडलेल्या नोंदीत आदल्या दिवशीचा प्रश्न होता. ‘आज वार कोणता.’

‘गुरुवार,’ चॅटबॉटने सांगितलं होतं.

मग पडद्यावर बराच वेळ काहीच झालं नव्हतं. शेवटच्या चार मिनिटांत बोट एकेका अक्षरावर टेकत गेलं होतं.

‘मंगळवार संपला?’

बाईंचा चहा त्या दिवशी तसाच राहिला.

४

लिफ्ट कंपनीच्या मिस्त्रींनी सगळे पडदे स्वतःच्या हातांनी बसवले होते. तीस वर्षं लिफ्टमध्ये काढलेला माणूस, बोलणं मोजकं. बाईंनी त्यांना बोलावून विचारलं, “एकतीस नंबर कुठल्या इमारतीत आहे हो?”

“एकतीस लावलेलाच नाही.”

“चाळीस लावले म्हणून तुम्हीच लिहून दिलंय.”

“यादीत चाळीस होते म्हणून लिहिलं. लावले एकोणचाळीस. एकतीसचा पत्ता जुना निघाला. ऑफिसांची इमारत आहे, तिसरा मजला. पडदा घेऊन गेलो तर समोर भिंत. ती लिफ्ट केव्हाच बंद करून बुजवलीय.”

“बंद का केली?”

मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढून हात पुसले. हात स्वच्छच होते. “तुमचं काम पडद्याचं, बाई,” ते म्हणाले.

“मग तो पडदा आहे कुठे?”

कंपनीचं गोदाम मागच्याच रस्त्याला होतं. लांबट खोली, ग्रीसचा वास, छताला एक ट्यूबलाइट बारीक गुणगुणत होती. पोलादी दोरांची वेटोळी ओलांडून मिस्त्री कोपऱ्यातल्या फळीपाशी गेले आणि एक खोकं काढून त्यांनी बाईंच्या हातात दिलं. वर ३१ असा आकडा होता. चिकटपट्टी जशीच्या तशी. तिच्यावर धुळीचा थर.

बाईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून एकोणीस मिनिटं. त्यांनी चिमणीला फोन लावला.

“एकतीस आत्ता बंद आहे ना गं?”

“चालू आहे की, बाई. नऊ मिनिटं झाली.”

बाईंनी खोकं कानाशी धरलं. आत काहीही नव्हतं. उजेड नाही, ऊब नाही, थर्माकोलची नुसती करकर. त्यांनी ते हळूच फळीवर ठेवलं.

“बाई,” फोनवर चिमणीचा आवाज बारीक झाला होता, “लिहितंय.”

त्यानंतर दोन दिवस चिमणीने तर्काच्या होत्या नव्हत्या तेवढ्या किल्ल्या लावून पाहिल्या. एखाद्या दुसऱ्या पडद्याला चुकून एकतीस नंबर मिळाला असेल, तर बाकीचे एकोणचाळीस आपापल्या जागी नीट होते. कोणी बाहेरून खोड्या काढत असेल, तर बाहेरून यायला वाटच नव्हती. शेवटी ती म्हणाली, “मला कळत नाहीये,” आणि हे वाक्य तिच्या तोंडून बाईंनी पहिल्यांदा ऐकलं.

५

बाईंच्या साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी मार्ग लगेच काढला. साहेब वाईट नव्हते, पण त्यांची नजर टक्क्यांच्या पलीकडे जायची नाही. “एकतीसला मोजणीतून काढा. नसलेल्या लिफ्टमुळे आपला निकाल खराब का व्हावा?”

“रोज कोणीतरी मदत मागतंय, साहेब.”

“कोणीतरी म्हणजे कोण?”

“ते तो सांगू शकेल एवढं सोपं आपण अजून केलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “शेवटच्या बाकावरच्या मुलाचं नाव पटावरून काढलं की वर्गाचा निकाल शंभर टक्के लागतोच. त्यात मास्तरची काय कमाल?”

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण नाव पटावर राहिलं.

मग बाईंनी कंबर कसली. भीती वाटत नव्हती असं नाही. पण आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट केली होती. ज्याला जमत नाही त्याच्या शेजारी बसायचं आणि कुठे अडतंय ते बघायचं. तशा त्या रोज सतरा मिनिटं एकतीस नंबरच्या शेजारी बसायला लागल्या.

बोटं अंधारात चाचपडल्यासारखी पडद्याच्या कडांना अडखळत होती. बाईंनी बटणांभोवती उजेडाची चौकट आणली. सगळे स्पर्श पडद्याच्या अगदी खालच्या कडेला होते. लिहिणारा खाली बसलेला असावा, किंवा पडलेला. बाईंनी सगळी बटणं खाली आणली. एवढी अक्षरं जुळवताना सतरा मिनिटं संपून जात होती. बाईंनी अक्षरं काढून पूर्ण वाक्यांचीच बटणं केली. ‘इथे अंधार आहे.’ ‘मला भीती वाटतेय.’ ‘माझ्याशी बोलत राहा.’ पहिल्या दिवशी एकतीस नंबरने तिसरं बटण सहा वेळा दाबलं.

एकदा त्यांनी आवाज ऐकायची सोय चालू केली. त्या दिवशी चिमणीने कानाला हेडफोन लावले आणि सावकाश काढून बाईंना दिले. आत कोणी बोलत नव्हतं, रडत नव्हतं. मोठ्या प्रार्थनेच्या आधी सभागृहात खूप माणसं गप्प उभी असली की जी शांतता ऐकू येते, तेवढीच होती.

इकडे गंमत अशी झाली की एकतीससाठी केलेलं सगळं बाकीच्यांना फळत गेलं. चाकाच्या खुर्चीतल्या एका गृहस्थाने खाली आलेल्या बटणांवरून पहिल्यांदा स्वतः मदत मागितली. ऐकू न येणाऱ्या आजी चाळीस मिनिटं अडकून हसत बाहेर आल्या. दिवस भरत आलेली एक तरुणी ‘माझ्याशी बोलत राहा’ दाबत राहिली आणि दार उघडेपर्यंत चॅटबॉट तिच्याशी बोलत राहिला. तिने पाठवलेलं पत्र साहेबांनी भिंतीला लावलं. चाचणी सुरू झाली तेव्हा शंभरातल्या साठ माणसांचं बोलणं शेवटपर्यंत जात होतं. तीन महिन्यांनी एकोणचाळीस पडद्यांवर एकही बोलणं अर्धवट राहिलं नाही.

कंपनीच्या सभागृहात बाईंनी हे मांडलं. मग मागच्या रांगेत उभे असलेले मिस्त्री टाळ्या वाजवायला लागले, आणि सगळे उठले. सगळ्या लिफ्टना पडदे लावायचं तिथल्या तिथे ठरलं. साहेबांनी बाईंसाठी स्वतः खुर्ची ओढली. घरी बाबांनी वीस मिनिटं खर्चून लिहिलं, ‘शाबास. एकही चूक नाही.’ छापखान्यातल्या साऱ्या नोकरीत त्यांनी असा शेरा कोणाला दिल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

एकच बोलणं अपुरं होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मिस्त्रींना घेऊन त्या इमारतीत गेल्या. तिसऱ्या मजल्यावर ऑफिसांची रांग होती. कुठेतरी प्रिंटर चालू होता, काचेच्या दाराआड कोणी फोनवर हसत होतं. बोळाच्या टोकाला फिकट पिवळी भिंत, तिच्यापुढे कुंडीतलं झाड आणि कोणी न बसणारी खुर्ची. जमिनीवरच्या फरशीची नक्षी मात्र भिंतीपाशी संपत नव्हती. अर्धं फूल अलीकडे होतं, अर्धं भिंतीखाली गेलं होतं.

“मी इथंच उभा राहतो. एका मंगळवारी अकरा दहाला ही लिफ्ट अडकली, आणि दार उघडायच्या आत, सतरा मिनिटांनी, आतल्या थापा थांबल्या,” मिस्त्री म्हणाले आणि जिन्याच्या तोंडाशी थांबले.

बाईंनी कुंडी आणि खुर्ची बाजूला केली. हातातल्या फोनवर एकतीस नंबरची नोंद लावली. अकरा दहा झाले आणि बोलणं उघडलं.

आज पडद्यावर पहिल्यांदाच एक नवं बटण होतं. रात्रीच्या दिव्यासारखं, पडद्याची खालची अर्धी बाजू व्यापणारं. ‘मला बाहेर यायचंय.’ बोट टेकलं. रंग भरत गेला. दोन सेकंद, पाच, नऊ. बाईंना वाटलं, सुटणार. अकरा. बटण भरलं.

‘मदत तुमच्या दारात आहे,’ चॅटबॉटने लिहिलं. ‘एक पाऊल मागे व्हा.’

भिंतीच्या आत काहीतरी सरकलं. एक पाऊल, फरफटत. मागून मिस्त्रींचा श्वास ऐकू आला. प्रिंटर थांबला होता.

‘तुमच्यासोबत आणखी कोणी आहे का? प्रत्येकासाठी एकदा हात लावा.’ हा प्रश्न सगळ्यांनाच विचारला जायचा, किती मदत लागेल ते कळावं म्हणून.

आकडा आला. एक. भिंतीवर आतून एक हलकी थाप पडली. दोन. थाप. तीन. नऊवर आकडा थांबला. थापा थांबल्या नाहीत. फोनवर नऊ, पुन्हा नऊ, पुन्हा नऊ, आणि प्रत्येक नऊबरोबर आतून हाताचा तळवा टेकल्यासारखा आवाज.

“बाई, खाली चला,” मिस्त्री म्हणाले. “ऐका माझं.”

बाई भिंतीपासून हलल्या नाहीत. त्यांनी फोनवर पलीकडे थांबलेल्या चिमणीला हाक दिली. “चिमणे, नऊच्या पुढे आकडा का जात नाही?”

“आपणच ठेवलंय, बाई. एका लिफ्टमध्ये दहाच्यावर माणसं मावत नाहीत ना. लिहिणारा एक, सोबत नऊ.”

“चूक माझी आहे. मर्यादा काढून टाक.”

“किती करू?”

“काढूनच टाक म्हणते ना.”

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग आकडा सुटला. चौदा. बावीस. एकतीस. थापा आता मोजता येत नव्हत्या, पत्र्यावर पाऊस पडावा तशा भिंतभर, खालपासून वरपर्यंत पडत होत्या. बाई आकड्याकडे बघत उभ्या होत्या आणि भीतीच्या तळातून एक वेगळीच उभारी त्यांच्या छातीत चढत होती. त्या एका मंगळवारी अडकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त, दोनशे सहावर आकडा थांबला. थापाही थांबल्या. पडद्यावर एक शेवटचं वाक्य उमटलं, जे एकतीस नंबरवर आजवर कधी आलं नव्हतं. ‘तुमचं सगळं सांगून झालं. धन्यवाद.’

अकरा सत्तावीस झाले. बोलणं बंद झालं नाही.

भिंतीच्या बरोबर मध्यावर, अर्ध्या फुलाच्या वर, केसाएवढी उभी रेघ होती. ती आता उजळली. रंगाचा पापुद्रा गळून फरशीवर पडला. रेघ बोटभर रुंद झाली, आणि तिच्या कडेला आतून चार बोटं आली. ती सावकाश टेकली आणि तिथेच राहिली. त्यांच्या खाली आणखी चार, लहान. त्यांच्या खाली आणखी.

जिन्याकडे अवजारांची पिशवी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मिस्त्री पुढे आले आणि बाईंच्या शेजारी उभे राहिले. कोणी पळालं नाही.

बाईंनी घसा साफ केला. बारा वर्षं वर्गाच्या दारात उभं राहून ज्या आवाजात बोलल्या, तोच आवाज आला, न थरथरता.

“एकेक करून या,” त्या म्हणाल्या. “ढकलाढकली नको. सगळ्यांना घेऊनच जाणार आहे मी.”